न वाजलेली घंटा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी आम्हा पाच जणांना एकच विषय दिला, ‘माझ्यासोबत राहिलेलं पुस्तक’, आणि प्रत्येकी दहा मिनिटं दिली. माझ्या आधीच्या वक्त्यांनी सात्त्विक पुस्तकं निवडली. मी मात्र एक जीवघेणा जंतू घेऊन आले आहे. काळजी करू नका, जेवण व्हायचंय हे माझ्या लक्षात आहे.

पुस्तकाचं नाव ‘द अँड्रोमेडा स्ट्रेन’. लेखक मायकेल क्रायटन. हा माणूस आपल्याला ‘ज्युरासिक पार्क’मुळे माहीत आहे, पण त्याच्या कितीतरी आधी, १९६९ साली, हार्वर्डमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यानं ही कादंबरी लिहिली. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा होता. मी ती पहिल्यांदा वाचली इंजिनिअरिंगला असताना, दुसऱ्या दिवशी पेपर असताना. हातातून सुटेना.

गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकन लष्कराचा एक उपग्रह वातावरणाच्या वरच्या थरातून सूक्ष्मजीव गोळा करून आणायला पाठवलेला असतो. तो ॲरिझोनातल्या पीडमॉन्ट नावाच्या गावाजवळ उतरतो. वस्ती अवघी अठ्ठेचाळीस. गावातली माणसं जागच्या जागी मेलेली सापडतात, अंगातलं रक्त गोठून त्याची पूड झालेली. वाचतात फक्त दोघं. एक पोटात अल्सर असलेला दारुडा म्हातारा आणि एक सतत रडणारं तान्हं बाळ. नेवाडाच्या वाळवंटात जमिनीखाली पाच मजली प्रयोगशाळा आहे. तिथे काही शास्त्रज्ञ स्वतःला कोंडून घेतात आणि एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवतात : हे दोघंच का वाचले?

उत्तर ऐकून आपल्या रसायनशास्त्राच्या बाईंना आनंद होईल. आठवतो ना तो लाल आणि निळा लिटमस? हा जंतू आम्ल-अल्कलीच्या अगदी चिंचोळ्या पट्ट्यातच वाढतो. म्हातारा स्पिरिटसारखं काहीतरी प्यायचा आणि वर ॲस्पिरिन खायचा, त्यामुळे त्याचं रक्त आम्लाकडे झुकलेलं. बाळ रडून रडून जोरजोरात श्वास घेत होतं, कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता, त्यामुळे त्याचं रक्त अल्कलीकडे झुकलेलं. दोघंही त्या पट्ट्याच्या बाहेर, एक एका बाजूला, दुसरं दुसऱ्या बाजूला. शेवटच्या तीन मिनिटांत काय होतं ते सांगत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी वाचा.

विसाव्या वर्षी मी या पुस्तकात जंतू वाचला. मग २०२० च्या लॉकडाउनमध्ये पुन्हा हातात घेतलं, तेव्हा वेगळंच पुस्तक दिसलं. एव्हाना सॉफ्टवेअरमध्ये बरीच वर्षं काढली होती. लक्षात आलं, की या गोष्टीत जंतूइतकाच धोका गप्प बसलेल्या गोष्टींपासून आहे.

अशा दोन गोष्टी सांगते. त्या प्रयोगशाळेत बाहेरचे संदेश टेलिप्रिंटरवर यायचे. संदेश आला की घंटी वाजायची आणि कोणीतरी जाऊन कागद फाडून आणायचं. गावावर अणुबॉम्ब टाकून जंतू जाळून टाका, अशी शिफारस शास्त्रज्ञांनी केलेली असते. राष्ट्राध्यक्ष तो निर्णय पुढे ढकलतात. तसा संदेश येतो, छापलाही जातो. पण कागदाच्या गुंडाळीचा एक बारीक कपटा घंटी आणि तिच्यावर आपटणारी हातोडी यांच्यामध्ये अडकलेला असतो. घंटी वाजत नाही. जगातली सगळ्यात महागडी प्रयोगशाळा तासन्‌तास अशा समजुतीत राहते, की बाहेर सगळं ठरल्याप्रमाणे चाललंय. पुढे कळतं, की हा जंतू ऊर्जेवरच पोसला जातो. बॉम्ब पडला असता तर त्याची मेजवानीच झाली असती. म्हणजे वाचले ते नशिबानं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. चमूतल्या लेव्हिट नावाच्या शास्त्रज्ञाला अपस्मार असतो, आपण फिट येणं म्हणतो तो. लुकलुकणारा दिवा पाहिला की तो काही क्षण हरवतो. हे त्यानं कोणाला सांगितलेलं नसतं. सांगितलं तर अशा कामावर आपल्याला कोण घेईल, ही भीती. पडद्यावर झपाझप पुढे सरकणारे प्रयोगांचे निकाल तपासताना तो असाच हरवतो, आणि नेमका तेव्हाच ‘वाढ नाही’ हा निकाल त्याच्या नजरेसमोरून निघून जातो. कोड्याची किल्ली त्या एका ओळीत होती.

मी लेव्हिटला खलनायक मानत नाही. हुशार माणूस, प्रामाणिक कामगार. पण ज्या जागी दुखणं सांगितलं की खुर्ची जाते, त्या जागी माणसं दुखणं सांगत नाहीत. मग प्रयोगशाळा कितीही मजले खाली बांधा.

याउलट, हे सगळं उघड करून कसं करायचं, त्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि त्यात आपल्या पुण्याचा वाटा आहे. २० एप्रिल २००५ रोजी हैदराबादहून एक प्रचंड फुगा आकाशात सोडला गेला. वीस ते एकेचाळीस किलोमीटर उंचीवरची हवा त्यातल्या निर्जंतुक नळ्यांमध्ये गोळा केली गेली. क्रायटनच्या उपग्रहाचंच काम म्हणा ना, फक्त लष्कराऐवजी शास्त्रज्ञांनी केलेलं. जयंत नारळीकर या प्रयोगाचे प्रमुख होते. नमुने हैदराबादची सीसीएमबी आणि पुण्यातली राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्र ही संस्था, अशा दोन ठिकाणी स्वतंत्रपणे तपासले. एकाच्या नजरेतून सुटलं तर दुसऱ्याला दिसावं. जिवाणूंच्या बारा आणि बुरशीच्या सहा वसाहती मिळाल्या. त्यात तीन जिवाणू जगाला नवे होते. एकाला फ्रेड हॉईल यांचं नाव दिलं, एकाला इस्रोचं, एकाला आर्यभटाचं.

आता मोह बघा. ‘परग्रहावरचे जंतू सापडले!’ एवढं म्हटलं असतं तर जगभर मथळे झाले असते. हॉईल तर नारळीकरांचे गुरू, आणि जीवसृष्टी अंतराळातून आली हे हॉईल यांचं आवडतं मत. पण २००९ मध्ये निकाल जाहीर करताना स्पष्ट सांगितलं गेलं, की हे जिवाणू पृथ्वीबाहेरून आले असं यावरून निश्चित सिद्ध होत नाही. इतक्या वर्षांच्या कष्टांनंतर हे वाक्य जाहीरपणे लिहायला हिंमत लागते. माझ्या दृष्टीनं ती वाजलेली घंटा आहे.

माझ्या क्षेत्रात या घंटीच्या प्रश्नावर एक साधा उपाय आहे. समजा, रोज रात्री माहितीचा बॅकअप घेतला जातो आणि बिघाड झाला तर ईमेल येतो, अशी सोय केली. वरवर उत्तम. पण ईमेल पाठवणारं यंत्रच बंद पडलं तर? ईमेल येणार नाही, आणि ‘काही आलं नाही म्हणजे सगळं ठीक’ असं समजून सगळे निवांत झोपतील. टेलिप्रिंटरची घंटी ती हीच. म्हणून आम्ही उलटं करतो. सगळं नीट असतानाच यंत्रानं ठरलेल्या वेळी एक छोटा संदेश पाठवायचा : मी आहे, मी आहे. त्याला हार्टबीट म्हणतात. तो ठोका चुकला की माणूस उठून बघायला जातो.

हे मी इंजिनिअरिंगला शिकले असं मला बरीच वर्षं वाटायचं. खरं तर ते या इमारतीत शिकले. शाळेची घंटा दोन मिनिटं उशिरा झाली तरी अख्ख्या शाळेला कळायचं, कारण सगळे तिची वाट बघत असायचे. आणि रोज सकाळची हजेरी! सर ‘कोण गैरहजर आहे?’ असं कधी विचारत नसत. जो नाही तो ‘मी नाही’ असं कसं सांगणार? ते एकेक नाव घेत, आणि ज्या नावापुढे शांतता पसरे, तिथे चष्म्यावरून वर बघत. दोन दिवस तसं झालं की तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाला त्याच्या घरी पाठवत.

आता शेवटचं. आपल्या वर्गातला एक जण, त्याच्या परवानगीनं पण नाव न घेता सांगते, सव्वा वर्ष डायलिसिसवर होता. आपल्या ग्रुपवर त्या काळात रोज शंभर संदेश येत होते. सुप्रभात, वाढदिवस, राजकारण. तो गप्प होता, आणि एवढ्या गलक्यात एकाची शांतता ऐकू येत नाही. मी नंतर त्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, “सगळे मजेत होते गं. मध्येच काय रडगाणं गायचं.” लेव्हिटचीच भीती, फक्त जरा साध्या कपड्यांत.

आज तो इथे बसलाय, बायकोच्या मूत्रपिंडावर, आणि मघाशी त्यानं दोन वाट्या श्रीखंडाचा आगाऊ हिशेब करून ठेवलाय. म्हणून हे हसत सांगता येतंय.

आपण पंचेचाळिशीच्या पुढे आहोत. रक्तदाब, नोकऱ्या, आईवडील, मुलं, कर्जं. कोणाच्या घंटीत कुठला कपटा अडकेल, सांगता येत नाही. तेव्हा माझी एक सूचना आहे. दर महिन्याच्या एक तारखेला ग्रुपवर हजेरी घ्यायची. प्रत्येकानं एकच शब्द लिहायचा, ‘हजर’. फुलं नाहीत, हात जोडलेली चित्रं नाहीत. पाच तारखेपर्यंत ज्याचा शब्द आला नाही, त्याला त्याच्या बाकावरच्या जोडीदारानं फोन करायचा. मेसेज चालणार नाही, फोनच. बाकांची यादी मी आणि वर्गाच्या मॉनिटरनं मिळून केली आहे, जेवणाच्या रांगेत वाटतो आहोत. कोणाला जोडीदार बदलून हवा असेल तर सरांकडे अर्ज करावा, पूर्वीसारखाच. सर तो फेटाळतील, पूर्वीसारखाच.