कामगारांचे दफ्तर
(भिलाई येथील मराठी कामगारांपुढे केलेले भाषण)



आयटकचे एक संस्थापक ना. म. जोशी १९५५ साली निवर्तले. त्यांचे कागदपत्र आज दिल्लीत तीन मूर्ती येथील ग्रंथालयात जतन केलेले आहेत. १९२१ मध्ये मध्यवर्ती विधिमंडळात त्यांनी कामगार संघटनांना कायद्याचे संरक्षण मागणारा ठराव मांडला. १९२६ साली ट्रेड युनियन कायदा झाला. जोशी कम्युनिस्ट नव्हते. १९२९ साली नागपूरला ते आयटकमधून बाहेर पडले, १९४० मध्ये पुन्हा तिचे सरचिटणीस झाले. मतभेद आणि एकजूट, दोहोंचा इतिहास अशा कागदांवाचून लिहिता येत नाही.

हे भिलाईत का सांगतो? १ जुलै १९९२ रोजी येथील पॉवर हाऊस स्थानकावर रेल रोको करणाऱ्या कामगारांवर गोळीबार झाला. मालकांचे दफ्तर मालकांजवळ, पोलिसांचे पोलिसांजवळ. कामगारांचे कोठे आहे? निवृत्त कॉम्रेडच्या पत्र्याच्या पेटीत. आणि त्याच्या पश्चात रद्दीवाल्याच्या तराजूत!

म्हणून सभांची इतिवृत्ते, मागण्यांची निवेदने, वर्गणीच्या पावत्या, बडतर्फीच्या नोटिसा युनियन कार्यालयात आणून द्या; त्यांची रीतसर यादी करा. विधिमंडळात आपल्या वतीने उभा राहणाऱ्याला पुरावा आपणच पुरवायचा असतो.