कुलूप आहे, पण वही कोणाकडे?

मी हेब्बाळहून बोलतोय.

जुलै 2025 मधली गोष्ट. आमच्या नेहमीच्या भाजीवाल्यानं क्यूआर कोडवर कागद चिकटवला आणि म्हणाला, "कॅश कोडी, सार." म्हणजे रोख द्या. यूपीआयच्या नोंदी पाहून कर्नाटकात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. बंगळुरूत ठिकठिकाणी 'नो यूपीआय'च्या पाट्या लागल्या.

कर भरायलाच हवा, त्यात दुमत नाही. पण ज्या वहीत त्याचा धंदा दिसतो, त्याच वहीत मीही आहे. कोणत्या डॉक्टरला, कोणत्या औषधवाल्याला, कधी पैसे दिले, सगळं.

तुम्ही म्हणाल, व्यवहार एन्क्रिप्टेड असतो ना? असतो. पण फौजेत आम्ही शिकलो की संदेश सांकेतिक असला, तरी कोणती चौकी कोणाशी किती वेळा बोलते, एवढ्यावरूनही शत्रू अंदाज बांधतो. कुलूप वाटेवरच्या चोरासाठी असतं. वही सांभाळणाऱ्यापासून ते वाचवत नाही.

यावर अमेरिकेच्या डेव्हिड चॉम यांनी 1982 मध्येच उपाय मांडला. त्याला 'आंधळी सही' म्हणू. समजा, तुम्ही चिठ्ठीवर एक क्रमांक लिहिला आणि ती कार्बन लावलेल्या पाकिटात घातली. बँकेनं तुमच्या खात्यातून 100 रुपये वळते केले आणि पाकीट न उघडता वर सही केली. सही आत उमटली. आता ती चिठ्ठी दुकानदाराला द्या. तो ती बँकेत भरेल. बँक सही ओळखेल, क्रमांक आधी वापरला नाही ना, हेही बघेल. पण चिठ्ठी कोणाची, हे तिला कळणार नाही. प्रत्यक्षात कागदाच्या जागी गणित असतं. गंमत बघा, दुकानदाराची कमाई दिसते, कर बुडत नाही; झाकला जातो तो फक्त ग्राहक.

चॉम यांची डिजिकॅश कंपनी 1998 मध्ये बुडाली. गणित मात्र खोटं ठरलं नाही.

याच बंगळुरूचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या 9 न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. डिजिटल रुपयाची किरकोळ चाचणी 1 डिसेंबर 2022 रोजी ज्या पहिल्या चार शहरांत सुरू झाली, त्यांतही बंगळुरू होतं. म्हणून 'व्यवहार सुरक्षित आहे का?' एवढं विचारून थांबू नका. 'वही कोणाकडे, आणि तिच्यात माझं नाव कशाला?' हेही विचारा.

तोवर यूपीआय आयडीत मोबाईल नंबर ठेवू नका. आणि खिशात थोडी रोकड असू द्या. जय हिंद.