जुनी बंदूक घेण्याआधी
(कोहमारा, जि. गोंदिया येथील बैठकीतील भाषण)



कोहमारा हा धानाचा मुलुख, आणि तुम्ही आलात कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू रानातून. पण रानडुकराला सगळे सारखेच. ज्वारी निसवली की डुकरांचे कळप आणि रोही शिरतात. रात्रभर जागली करून सकाळी धाटे आडवी पडलेली आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. म्हणून प्रत्येक बैठकीत एक प्रश्न हमखास येतो. जुनी पंपाची बंदूक स्वस्तात मिळते म्हणतात, घ्यावी का?

आमचे म्हणणे असे की आधी परवाना, मग बंदूक. इसार देऊन बसायचे आणि मग परवान्यासाठी जिल्हाधिकारी कचेरीचे उंबरठे झिजवायचे, हा उलटा व्यवहार झाला. 1959 च्या शस्त्र कायद्याचे कलम 13 नीट वाचा. पीक राखण्यासाठी त्यात मुळात ठासणीची बंदूक धरली आहे. तेवढ्याने भागत नाही अशी अधिकाऱ्याची खात्री पटली तर वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा परवाना तो देऊ शकतो. म्हणजे अर्जात ‘पीक संरक्षण’ एवढेच लिहून चालायचे नाही. गट नंबर, पीक, नुकसानीचे पंचनामे जोडा आणि ठासणीची का पुरत नाही ते लिहा. वय 21 पूर्ण हवे. 2016 च्या नियमांनी शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण आणि घरात कुलूपबंद ठेवण्याची हमीही मागितली आहे. हा सगळा खर्च बंदुकीच्या किमतीत धरा. नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेली बंदूक महाग पडते.

या भागातल्या भावांना आणखी एक अडसर आहे. एका बाजूला नवेगाव, दुसऱ्या बाजूला नागझिरा. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते. जिथे डुकरे जास्त तिथेच परवाना अवघड, असा हा न्याय!

आता मालाकडे वळू. 2019 च्या दुरुस्तीने एका परवान्यावर तीनऐवजी दोनच शस्त्रे ठेवली. शिवाय वडलांची बंदूक मुलाला नको असते. त्यामुळे विक्रेत्यांकडे जुना माल असतो. परदेशी नावाला भुलू नका. ऐंशीच्या दशकात आयात बंद झाली, म्हणून त्या नावाचे पैसे पडतात. बंदूक खाजगी माणसाकडून घेत असाल तर त्याने जिल्हाधिकाऱ्याला किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस उलटले पाहिजेत. बंदुकीवरचा नंबर त्याच्या परवान्याशी ताडून पाहा. नंबर घासलेला दिसला तर किंमत विचारूच नका.

बंदूक हातात घेतली की पहिल्यांदा ती रिकामी आहे याची खात्री करा. मग नळी उजेडाकडे धरून आत पाहा. गंजाचे खड्डे, पोचा किंवा फुगवटा असेल तर ती भिंतीवर टांगायच्या कामाची. दुनळी मिटवून हलवा, सांध्यात खेळ नको. काडतुसाचे घर 65 मिलिमीटरचे की 70 चे, ते नळीवरच्या खुणेत बघा. आखूड घरात लांब काडतूस बसते, पण उडताना उलगडायला जागा मिळत नाही, दाब वाढतो आणि नळी फुटू शकते. पंपाच्या बंदुकीत तर सरकता दस्ता, खालच्या नळीतली स्प्रिंग आणि काडतूस वर उचलणारी पट्टी, हे सगळे विक्रेत्यासमोर पोकळ काडतुसे घालून चालवून पाहा. एकदा जरी अडकली तरी परत करा. दव, धूळ आणि वर्षभराची उपेक्षा हे तिला सोसत नाही, सुटे भाग तालुक्याला मिळत नाहीत. आमच्या मते कोरडवाहू शेतकऱ्याला बारा बोअरची धड एकनळी पुरे. पाच-पाच गोळ्यांची चैन काय कामाची, पहिल्या आवाजाला कळप पळतोच.

आणि हे विसरू नका की बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याचा परवाना नव्हे. त्यासाठी 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 11 खाली वनखात्याचा लेखी हुकूम लागतो. मारलेले जनावर सरकारजमा होते. त्याने खाल्लेली ज्वारी मात्र तुमच्याच नावावर राहते, हे आम्ही प्रत्येक अधिकाऱ्याला ऐकवतो. निवडणूक आली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या लागतात. 2024 ची विधानसभा नोव्हेंबरात, ऐन वेचणीच्या दिवसांत झाली.

म्हणून ज्यांचे रान एकसलग आहे त्यांनी आधी चार-पाच जणांत मिळून सौर झटका कुंपणाचा हिशेब करून पाहावा. पण खांबावरचा सरळ करंट तारेत सोडू नका. त्याने विदर्भात माणसे मेली आहेत, वाघही मेले आहेत.

ज्यांना अर्ज करायचाच आहे त्यांनी सातबारा, पंचनाम्याच्या नकला आणि दोन फोटो घेऊन पुढच्या बैठकीला यावे. अर्ज एकत्र बसून भरू आणि एकाच दिवशी नेऊन देऊ.