नवें सिलिंडर-हेड बसविण्यापूर्वीं

बाजारांत मडकें घेतांना गृहिणी तें बोटानें वाजवून पाहते. मडकें नवें आहे एवढ्यावरून तें पक्कें भाजलेलें असेल, असें ती मानीत नाहीं. अल्प किमतीच्या वस्तूविषयीं घरोघरीं पाळली जाणारी ही सावधगिरी मोटारीच्या इंजिनाचा अत्यंत महत्त्वाचा भाग विकत घेतांना मात्र पुष्कळदां विसरली जाते. चकचकीत धातु, नीटनेटकें खोकें व कारखान्याचा छाप पाहून खरेदीदार निर्धास्त होतो. नवें सिलिंडर-हेड म्हणजे तयार सिलिंडर-हेड, ही समजूत सबंध इंजिनाच्या मुळावर येऊं शकते. तें कसें, आणि हेड बसविण्यापूर्वीं त्याची परीक्षा व सुधारणा कोणत्या क्रमानें करावी, याचा विचार येथें करावयाचा आहे.

इंजिनांतील नळकांड्यास सिलिंडर म्हणतात. त्यांत दट्ट्या म्हणजे पिस्टन वरखालीं धांवतो. या नळकांड्यांचीं वरचीं तोंडें बंद करणारा जो ओतीव ठोकळा, तेंच हेड. जुन्या इंजिनांत तें बहुतेक झांकणासारखें असे. १९३२ सालीं अमेरिकेंत फोर्ड कंपनीनें काढलेल्या आठ सिलिंडरांच्या प्रसिद्ध इंजिनांत झडपा खालच्या मुख्य ठोकळ्यांत होत्या. जळालेला वायु बाहेर नेणारे मार्गही त्याच ठोकळ्यांतून जात. त्यामुळें तें इंजिन फार तापे. १९४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धांत झोरा व युरा आर्कस-डंटॉव या बंधूंनीं त्या इंजिनासाठीं, झडपा वरच्या बाजूस असलेलें, ‘आर्डन’ नांवाचें स्वतंत्र हेड तयार केलें. मूळ हेतु मालमोटारींचें इंजिन थंड ठेवण्याचा होता; पण शर्यतीच्या शौकिनांनीं तें उचलून धरलें. कॅलिफोर्नियांत व्हिक एडेलब्रॉक यांनींही त्याच फोर्ड इंजिनासाठीं ॲल्युमिनियमचीं हेडें बनवून विकलीं. मूळ कारखानदाराखेरीज इतरांनीं हेड बनवून विकण्याचा धंदा असा रूढ झाला.

पुढें १९५५ सालीं शेव्हरोले कंपनीनें आपलें लहान ठोकळ्याचें आठ सिलिंडरांचें इंजिन बाजारांत आणलें. त्या घराण्यांतील दहा कोटीवें इंजिन २०११ मध्यें तयार झालें. एवढ्या प्रचंड संख्येमुळें त्याच्या जुन्या पिढीसाठींही पर्यायी हेडांचा मोठा बाजार उभा राहिला, आणि तो आजही चालू आहे. म्हणून पुढील विवेचनास तेंच इंजिन नमुन्यादाखल घेतलें आहे.

पर्यायी हेड बनविणाऱ्यास तें कोणाच्या इंजिनावर चढणार, हें ठाऊक नसतें. दट्ट्याचा माथा सपाट आहे कीं खोलगट, झडपा उघडणारा कॅम किती उचल देतो, गाडी रोजच्या वापराची आहे कीं शर्यतीची, हें फक्त बसविणाऱ्यासच माहीत असतें. कारखाना फार तर सरासरी ग्राहकाचा अंदाज करतो. शिवाय किंमत कमी ठेवावयाची म्हणजे काटकसर कोठें तरी होणारच. आणि ती बहुधा वरून न दिसणाऱ्या जागीं, म्हणजे स्प्रिंगांत, झडपांच्या बैठकींत व शेवटच्या साफसफाईंत होते. अशीं हेडें वाईट असतात, असा याचा अर्थ नव्हे. ओतकाम उत्तम असूनही शेवटचा हात फिरावयाचा राहिलेला असतो, एवढेंच.

परीक्षेची पहिली पायरी म्हणजे जुनें व नवें हेड शेजारीं शेजारीं ठेवून पाहणें. बोल्टांचीं भोकें, पाण्याचे मार्ग, ठिणगीच्या प्लगाचा आकार व वायुमार्गांचीं तोंडें जुळतात कीं नाहीं, हें पाहावें. जुळत नसल्यास हेड परत करण्याची वेळ हीच. एकदां त्यावर कानस फिरली कीं तो हक्क गेला. त्यानंतर स्प्रिंग दाबून तिला अडकविणाऱ्या लहान पाचरा काढाव्या व झडपा बाहेर घ्याव्या. प्रत्येक झडपेस क्रमांक द्यावा. जी झडप ज्या बैठकीवरची, ती तेथेंच परत गेली पाहिजे.

मग धुलाई. ओततांना वापरलेल्या वाळूचे कण आणि यंत्रावर कापतांना निघालेला चुरा भोकांत व मार्गांत दडून बसलेला असतो. हा चुरा तेलाबरोबर फिरूं लागला, तर बेअरिंगांच्या मऊ पृष्ठभागावर ओरखडे काढतो; नव्या इंजिनाचा असा नाश थोड्याच मैलांत होऊं शकतो. गरम पाणी, साबण व निरनिराळ्या जाडीचे ब्रश घेऊन प्रत्येक मार्ग घांसावा, दाबाच्या हवेनें कोरडा करावा आणि लोखंडी भागांस लगेच तेलाचा हात द्यावा. ॲल्युमिनियमच्या हेडास कॉस्टिक सोडा मात्र कदापि लावूं नये. तो धातूच खातो.

हेड स्वच्छ झालें म्हणजे मोजमापास आरंभ करावा. ठोकळ्यावर टेकणाऱ्या पृष्ठावर पोलादाची सरळ पट्टी उभी, आडवी व तिरकी ठेवून खालच्या फटींत मोजणीची पातळ पाती घालून पाहावी. हेडाच्या सबंध लांबींत चार सहस्रांश इंचाहून अधिक फट आढळल्यास पृष्ठ पुन्हा सपाट करून घ्यावें. ओतीव कामांतील तडा नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं. लोखंडी हेडाचा तडा चुंबकाच्या साह्यानें शोधतां येतो. ॲल्युमिनियमवर चुंबक चालत नाहीं, तेथें तड्यांत शिरणारें रंगद्रव्य वापरतात. पाण्याचे मार्ग बंद करून आंत हवा भरावी व हेड पाण्यांत बुडवावें, हा दुसरा उपाय. सायकलच्या नळीचें पंक्चर शोधतात तोच हा प्रकार. बुडबुडा आला कीं दोष सांपडला.

या सर्वांहून नाजूक काम झडपांचें. झडपेची दांडी ज्या नळींतून सरकते तिला गाइड म्हणतात. दांडी व गाइड यांमध्यें साधारणतः दीड ते अडीच सहस्रांश इंच, म्हणजे माणसाच्या केसाहून कमीच, मोकळीक असते. ती फार कमी असल्यास तापलेली दांडी अडकते. फार अधिक असल्यास तेल गळून धूर निघतो आणि झडप डुलत डुलत बैठकीवर आपटते. झडप व बैठक यांचा मिलाफ तर याहूनही महत्त्वाचा. निकासाच्या झडपेची बरीचशी उष्णता ती बंद असतांना बैठकीच्या वाटेनेंच हेडांत, व तेथून पाण्यांत जाते. हा स्पर्श अपुरा असला, तर झडपेची कड जळून जाते. झडपेला निळा रंग लावून ती बैठकीवर हलकेच टेकवावी. रंगाचें कडें सर्वत्र सारखें उमटलें, तर बैठक खरी. मध्येंच तुटलें, तर ती वांकडी. साध्या वापरांत प्रवेशाच्या झडपेचें कडें सुमारें ०.०६० इंच व निकासाचें सुमारें ०.०८० इंच रुंद असावें. नवीं हेडें या परीक्षेंत पुष्कळदां नापास होतात. अशा वेळीं बैठक नव्यानें कापून घेणें हीच पहिली व सर्वांत लाभदायक सुधारणा होय. मुख्य ४५ अंशांच्या उतारास वर ३० व खालीं ६० अंशांच्या उतारांची जोड दिली, म्हणजे झडप नीट टेकते आणि वायूचा प्रवाहही सुरळीत होतो.

जुन्या लोखंडी हेडाचा पुन्हा उपयोग करावयाचा असल्यास आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. पूर्वीं पेट्रोलांत मिसळलेलें शिसें मऊ बैठकींचें रक्षण करी. अमेरिकेंत रस्त्यावरील मोटारींसाठीं शिशाचें पेट्रोल १९९६ पासून पूर्णपणें बंद झालें. तेव्हांपासून कठीण धातूचीं कडीं बसविणें ही चैन न राहतां गरज झाली आहे. ॲल्युमिनियमच्या हेडांत अशीं कडीं मुळांतच असतात. तीं घट्ट बसलीं आहेत कीं नाहींत, एवढें पाहावें.

स्प्रिंगांची निवड कॅमवरून करावी. नमुन्याच्या इंजिनांत कॅमची उचल रॉकरमुळें दीडपट होते. म्हणजे कॅमनें ०.३०० इंच उचल दिली, तर झडप ०.४५० इंच उघडते. एवढी उघडली असतां स्प्रिंगेचीं वेटोळीं एकमेकांस टेकूं नयेत; निदान ०.०६० इंच अवकाश शिल्लक असावा. स्प्रिंगेवरची टोपीही खालच्या गाइडवर आदळूं नये. स्प्रिंग दुर्बळ असली, तर वेगांत झडप वेळेवर मिटत नाहीं. फाजील ताठ असली, तर कॅम झिजतो. अधिक ताठ तें अधिक चांगलें, हा समज येथें खोटा ठरतो. सर्व स्प्रिंगांची बसविल्यावरची उंची मोजून, जेथें ती अधिक भरेल तेथें पातळ चकत्या घालून सारखी करावी.

ज्वलनाच्या पोकळीचें माप गणितानें फार बोलकें होतें. पोकळीवर भोक पाडलेलें पारदर्शक तावदान ठेवून ब्युरेटनें द्रव सोडला, म्हणजे तिचें घनफळ कळतें. १९६७ पासून निघालेल्या ३५० घनइंचांच्या इंजिनांत दट्ट्या एका फेऱ्यांत सुमारें ७१७ घनसेंटिमीटर जागा व्यापतो. गॅस्केट व इतर फटी मिळून १५ घनसेंटिमीटर धरल्यास, ६४ घनसेंटिमीटरच्या पोकळीनें वायु सुमारें दहास एक या प्रमाणांत दाबला जातो. ७६ च्या पोकळीनें हेंच प्रमाण नवास एक याहूनही थोडें कमी होतें. फरक अवघ्या १२ घनसेंटिमीटरांचा. पण पहिल्या इंजिनास हलकें पेट्रोल दिलें, तर अकालीं स्फोटानें दट्टे फुटण्याचा संभव, आणि दुसरें इंजिन अपेक्षित जोर देणार नाहीं. खोक्यावरच्या आंकड्यावर विसंबून न राहतां मोजून घ्यावें तें याचसाठीं.

वायुमार्ग रुंद करण्याचा मोह अनेकांस होतो. त्याविषयीं एवढेंच सांगणें पुरे कीं, ओतकामाच्या राहिलेल्या कडा घांसून टाकाव्या, मार्गाचें तोंड गॅस्केटाशीं जुळवावें आणि तेथें थांबावें. पलीकडे पाण्याची पोकळी असते. एक घासणी अधिक झाली, तर भिंत फुटते व हेड मोडींत जातें. शिवाय गांवांत हळू चालणाऱ्या गाडीस फार रुंद मार्ग उपकारक नसून अपायकारकच ठरतो.

कायमचें बसविण्यापूर्वीं एक तात्पुरती जुळवणी अवश्य करावी. दट्ट्याच्या माथ्यावर कणकेसारख्या मऊ मातीचा गोळा ठेवून हेड चढवावें, झडपा जोडाव्या व इंजिन हातानें दोन पूर्ण फेरे सावकाश फिरवावें. हेड उतरवून मातीवर उमटलेला ठसा कापला, म्हणजे झडप दट्ट्याच्या किती जवळ येते तें दिसतें. प्रवेशाच्या झडपेस निदान ०.०८० व निकासाच्या झडपेस निदान ०.१०० इंच अंतर मिळालें पाहिजे. तें न मिळतां इंजिन चालू केलें, तर झडप व दट्ट्या यांची टक्कर होते आणि नवें हेड, जुना ठोकळा व सगळे श्रम एकदमच वायां जातात. याच वेळीं रॉकर झडपेच्या टोंकाच्या मध्याजवळ टेकतो कीं नाहीं, तेंही पाहावें. न टेकल्यास पुशरॉडची लांबी बदलावी.

शेवटीं बोल्ट. या इंजिनाच्या प्रत्येक हेडास सतरा बोल्ट असून त्यांचीं भोकें खालीं पाण्यांत उघडतात. म्हणून आट्यांवर गळतीरोधक लेप हवाच. ॲल्युमिनियम हें लोखंडाच्या सुमारें दुप्पट प्रसरण पावतें, म्हणून बोल्टांच्या डोक्यांखालीं कठीण चकत्या घालाव्या. बोल्ट मध्यापासून बाहेर, तीन टप्प्यांत व मोजपान्यानें आवळावे. अखेरचा जोर हेड बनविणाऱ्यानें सांगितलेलाच ठेवावा.

या साऱ्या तपासणीस दोन-चार दिवस लागतात. बैठका कापण्याचें व पृष्ठ सपाट करण्याचें काम यंत्रशाळेंत करून घ्यावें लागत असल्यानें थोडा अधिक खर्चही येतो. पण खरेदी करतांनाच हा खर्च किमतींत धरला, तर स्वस्त दिसणारें हेड खरोखर स्वस्त आहे कीं नाहीं, हें आधींच कळतें. मोजमापें लिहून ठेवलेलें एक टिपण पुढें वर्षानुवर्षें कामास येतें; इंजिन कुरकुरूं लागलें कीं दोष कोठें नाहीं, हें तरी तें निश्चितपणें सांगतें.