गरम कपड्यांचा भत्ता

ब्रिटनच्या राष्ट्रकुल शिष्यवृत्तीत काय काय मिळतं, ती यादी वाचताना एका नोंदीशी मी थबकले: गरम कपड्यांसाठी भत्ता. घानाहून किंवा बांगलादेशातून निघालेल्या मुलीकडे जाड कोट कुठून असणार? हा विचार कुणाला तरी सुचला, याचंच मला अप्रूप वाटलं.

१९५९ साली ऑक्सफर्डला राष्ट्रकुल देशांची शिक्षण परिषद भरली, तिथे ही योजना ठरली. तिचे प्रकार बरेच आहेत. त्यातली ‘शेअर्ड स्कॉलरशिप’ पदव्युत्तर शिक्षणासाठी. खर्च ब्रिटिश सरकार आणि तिथलं विद्यापीठ वाटून घेतात. फी, विमानभाडं, दरमहा निर्वाहभत्ता, सगळं त्यात आलं. अर्ज करणाऱ्याला हे शिक्षण एरवी परवडणारं नसावं, ही मुख्य अट. शिवाय शिकलेलं मायदेशी कसं वापरणार, तेही लिहायचं असतं. तिथे ‘देशसेवा करीन’ एवढ्यावर भागत नाही. आपल्या तालुक्यातल्या विहिरी खारट होतायत, त्यावर काय करणार, असं नेमकं हवं.

शिकलेलं मायदेशी वापरण्याची अट आपल्याला नवी नाही. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार होता.

आणि हो, उलटी वाटही आहे. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्तीवर आफ्रिका-आशियातली मुलं आपल्या पुण्यात शिकतात. त्यांना स्वेटर लागतो तो डिसेंबरातल्या पहाटेपुरता.