वर्षातून एकदा आठवणारी ओळख
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



ज्ञातीचा मेळा भरला असता ‘आपण कोण?’ हा प्रश्न मनात येतोच. त्यासाठी आम्ही आज हर्बर्ट गॅन्स या समाजशास्त्रज्ञाचे स्मरण करू इच्छितो.

१९२७ साली जर्मनीतील कलोन शहरी ज्यू कुटुंबात जन्मलेले गॅन्स नाझी राजवटीमुळे मायदेशास मुकले व १९४० साली अमेरिकेस पोहोचले. पुढे या स्थलांतरिताने स्थलांतरितांचेच जीवन अभ्यासिले. १९५७ साली ते बॉस्टनच्या वेस्ट एंड भागात राहावयास गेले. अधिकाऱ्यांच्या लेखी ती पाडण्याजोगी गलिच्छ वस्ती. गॅन्स यांस तेथे इटालियन कुटुंबांचा जिव्हाळा दिसला. १९६२ साली त्यांचा ‘द अर्बन व्हिलेजर्स’ हा ग्रंथ निघाला, तोवर ती वस्ती जमीनदोस्त झाली होती.

१९७९ साली त्यांनी ‘प्रतीकात्मक वांशिकता’ ही कल्पना मांडली. नातवंडांच्या पिढीत पूर्वजांची भाषा व संस्था मागे पडतात. सण, पक्वान्ने व अभिमान तेवढा उरतो, आणि त्यासाठी फारशी झीज सोसावी लागत नाही. २०२५ साली गॅन्स निवर्तले.

आपली ज्ञाती व तेथील वंश एक नव्हेत. जातीने येथे अनेकांस दूर लोटले, हेही विसरता कामा नये. तथापि प्रश्न आपणांसही लागू आहे. पंगत उठल्यावर गरजू विद्यार्थ्याची फी, एकाकी वृद्धाची विचारपूस यांत आपले प्रेम उरते काय? आणि ते ज्ञातीच्या उंबरठ्याबाहेर पोहोचते काय? तसे घडले, तरच या मेळ्याचे सार्थक झाले असे आम्ही मानू.