उन्हातला फोटो आणि बाजूचा फ्लॅश



मी मानपाड्याहून आलेय. मानपाडा म्हटलं की लोक लगेच विचारतात, ठाण्याचं की डोंबिवलीचं? मी ठाण्याची. घोडबंदर रस्त्याच्या एका अंगाला टॉवर आणि दुसऱ्या अंगाला येऊरचा डोंगर, ते आमचं मानपाडा. आमच्या बचत गटातल्या आम्ही दोघी फोटोची कामं घेतो. डोहाळजेवण, बारसं, हळद, साखरपुडा. आज मी एकच गोष्ट सांगणार आहे. बाहेर, मोकळ्यावर माणसाचा फोटो काढताना फ्लॅश कॅमेऱ्यावर न लावता बाजूला कसा ठेवायचा.

तुम्ही म्हणाल, बाहेर एवढं ऊन असताना फ्लॅश कशाला? मलाही तसंच वाटायचं.

आमचं पहिलं मोठं काम डोहाळजेवणाचं होतं. दुपारचे बारा वाजलेले. अंगणात फुलांनी सजवलेला झोपाळा, मागे लख्ख आभाळ, हिरव्या साडीतली सावळी, हसरी मुलगी. फोटो बघितले तर आभाळ छान, झोपाळा छान आणि चेहरा काळोखात. घाबरून मी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश लावला. आता चेहरा पीठ फासल्यासारखा दिसायला लागला, नाकावर घाम चमकायला लागला. घरी येऊन कॉम्प्युटरवर तिला आणखी उजळ केलं. वाटलं, खूश होईल. अल्बम बघून ती एवढंच म्हणाली, "ताई, ही मी नाहीये." पैसे तिने पूर्ण दिले, पण ते हातात घेताना मला बरं वाटलं नाही.

चूक कुठे झाली? आपल्या डोळ्याला लख्ख आभाळ आणि सावलीतला चेहरा दोन्ही एकदम दिसतात. कॅमेऱ्याला ते जमत नाही. तो आभाळ सांभाळायला गेला की चेहरा काळवंडतो. त्यात सूर्य डोक्यावर असला की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते. म्हणजे चेहऱ्याला उजेड हवाच. पण तो कुठून यावा, हा खरा प्रश्न.

आज रात्री एक गंमत करून बघा. दिवा मालवून आरशासमोर उभ्या राहा. मोबाइलची बॅटरी आधी नाकासमोर धरा. चेहरा भाकरीसारखा सपाट दिसेल. आता हात बाजूला न्या आणि डोक्यापेक्षा थोडा वर धरा. लगेच नाक, गाल, हनुवटी, सगळ्याला आकार येईल. बाजूच्या फ्लॅशचं गुपित एवढंच आहे.

आता सामान सांगते. एक फ्लॅश, ज्याची ताकद हाताने कमी-जास्त करता येते. एक स्टँड. एक पांढरी छत्री, जिच्यातून उजेड गाळून येतो. आणि एक ट्रिगर. ट्रिगरचा एक तुकडा कॅमेऱ्यावर बसतो, दुसरा फ्लॅशखाली. आपला हा कार्यक्रम जसा लहरींवरून तुमच्या घरी येतो, तसाच कॅमेऱ्याचा निरोप लहरींवरून फ्लॅशला जातो. तारेची गरज नाही. आम्ही फ्लॅश जुनाच घेतला, पण घ्यायच्या आधी पन्नासेक वेळा उडवून बघितला.

मग उभं कुठे करायचं? तिच्या पाठीशी सूर्य येईल असं. म्हणजे डोळे बारीक होत नाहीत आणि केसांच्या कडेला सोनेरी उजेड येतो. आता जमिनीवर एक मोठं घड्याळ आहे असं समजा. ती मधोमध, कॅमेरा सहाच्या आकड्यावर. फ्लॅश साडेचारवर किंवा साडेसातवर ठेवा, तिच्यापासून चारेक फुटांवर, डोळ्यांच्या थोडा वर आणि तोंड खाली झुकवलेला.

पुढचं नीट ऐका. गॅसच्या शेगडीला दोन बर्नर असतात आणि दोघांची बटणं वेगळी. इथेही तसंच आहे. मागच्या आभाळाचा उजेड शटरच्या वेगाने कमी-जास्त होतो. चेहऱ्यावरचा उजेड फ्लॅशच्या ताकदीने. आधी फ्लॅश बंद ठेवून फोटो काढा आणि मागचं दृश्य आहे त्यापेक्षा किंचित गडद येईल असं शटर लावा. चेहरा काळा येईल, येऊ द्या. मग फ्लॅश पाव ताकदीवर चालू करा. कमी वाटला तर अर्धा करा, जास्त वाटला तर अष्टमांश.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. बहुतेक कॅमेऱ्यांत फ्लॅशबरोबर शटरचा वेग एका सेकंदाच्या २०० किंवा २५०व्या भागापर्यंतच चालतो. त्याहून वेगवान केलं तर फोटोत काळा पट्टा येतो. दुसरं, फ्लॅश चार फुटांवरून आठ फुटांवर नेला, तर उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. म्हणून जवळ ठेवा. जवळच्या छत्रीचा उजेड मऊही पडतो.

भर दुपारच्या उन्हाशी छोटा फ्लॅश झुंजू शकत नाही. बारा वाजता काम असेल तर आंब्याखाली, ओसरीत, मांडवाच्या सावलीत या. संध्याकाळ सगळ्यात बरी. आमच्याकडे सूर्य लवकर येऊरच्या डोंगराआड जातो, म्हणून आम्ही तासभर आधीच जाऊन बसतो. आणि वाऱ्याचं भान ठेवा. एकदा आमची छत्री स्टँडसकट पाहुण्यांच्या पंगतीत कोसळली. कुणाला लागलं नाही, पण तेव्हापासून स्टँडला पाण्याचा भरलेला कॅन टांगतो आणि दोघींपैकी एक जण तिथून हलत नाही.

हे काम बायकांना जमेल का, असं अजूनही विचारतात. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या होमाई व्यारावाला मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकल्या आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार झाल्या. त्या काळात फ्लॅशचा बल्ब एकदाच पेटायचा, पुढच्या फोटोला नवा बल्ब. चुकायला जागाच नाही. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. आपल्याला तर चुकलेला फोटो लगेच दिसतो आणि तो पुन्हा काढताही येतो.

आता त्या मुलीकडे येते. बाळ झालं आणि बारशाला तिने पुन्हा आम्हालाच बोलावलं. मला आश्चर्य वाटलं. या वेळी संध्याकाळ होती. तिला सावलीच्या कडेला उभं केलं, बाजूला छत्री लावली. तिच्या मावशी म्हणाल्या, "जरा गोरी दिसेल असं बघा हं." मी म्हटलं, "मावशी, आधी हा बघा." कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिचा सावळा रंग होता तसाच होता, गालावर तुकतुकी होती आणि दोन्ही डोळ्यांत छत्रीचा छोटासा पांढरा ठिपका होता. मावशींनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "आईवर गेलीय." ती काहीच बोलली नाही. तिने तोच फोटो मोठा करून मागितला.

तेव्हापासून आमच्या गटाचा नियम आहे, कुणाचाही रंग बदलायचा नाही. चेहरा गोरा करणं हे आपलं काम नाही. चेहऱ्यावर उजेड आणणं आपलं काम.

आणि फ्लॅश नसेल तर? घरातली पांढरी चादर घ्या. दोघींनी ती ताणून धरा, चेहऱ्याच्या ज्या बाजूला सावली आहे त्या बाजूला, दोनतीन हातांवर. उन्हाचा उजेड चादरीवरून उलटून चेहऱ्यावर येईल. मोबाइलवरही हे चालतं. गटाच्या पुढच्या बैठकीत एकमेकींचे फोटो असेच काढा. आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईचा काढा. तिचा चांगला फोटो बहुतेक घरात नसतो.

येते मी. नमस्कार.